फॅक्ससाठी टिफच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"वर्डची फाइल आहे ना, मग तीच पाठवा की. तिची टिफ, म्हणजे पानाचं चित्र, कशाला करत बसता?" टीममधली नवी मुलं विचारतात, आणि डिस्कचं बिल आलं की क्लायंटही विचारतो. त्याआधीचा "अजून फॅक्स?" हा प्रश्न मी सोडूनच देते. अमेरिकेतले दवाखाने आणि विमा कंपन्या अजून फॅक्स करतात, आणि त्यांचे सर्व्हर आम्ही पुण्यात बसून सांभाळतो.

फॅक्सला अक्षर कळत नाही. काळा ठिपका कळतो, नाहीतर पांढरा. आडव्या ओळीत १७२८ ठिपके, 'फाइन' या बारीक दर्जावर इंचाला १९६ ओळी. करडा रंग नाहीच. म्हणजे वर्डचं चित्र कुणीतरी करणारच. तुम्ही केलं नाहीत तर सर्व्हर करील, त्याच्याकडे असतील त्या फाँटांनी. कॅलिब्री नसला की दुसरा फाँट बसतो, ओळी सरकतात आणि सही एकटीच पुढच्या पानावर जाते. (साध्या रिझोल्यूशनची टिफ स्क्रीनवर चेपलेली दिसते, कारण तिथे इंचाला ओळी ९८च. ती बिघडलेली नसते. कृपया तक्रारीचं तिकीट टाकू नका.)

पण माझं मत फाँटांमुळे बदललं नाही. एका दवाखान्याचं अपिलाचं पत्र होतं. विमा कंपनीचं म्हणणं, पत्र मुदतीत आलंच नाही. आमच्या लॉगमध्ये 'एक पान, यशस्वी' एवढी नोंद होती. त्या पानावर काय होतं, ते लॉग सांगत नाही. टिफ पाठवून झाली की पुसायची, वर्ड ठेवायची, अशी पद्धत होती. रात्रीच्या कॉलवर तीन बाजूंची माणसं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "थांबा, मूळ पत्रच दाखवते," आणि स्क्रीन शेअर करून फाइल उघडली. पत्रावर तारीख कॉलच्या दिवशीची! टेम्प्लेटमध्ये आपोआप बदलणारं तारखेचं फील्ड होतं. त्यांनी फाइल बंद करून पुन्हा उघडली, जणू दुसऱ्यांदा खरी तारीख येईल. विमा कंपनीचा माणूस "आय सी" म्हणाला आणि गप्प झाला. बाईंचा आवाज चढला, मग बसला. पत्र वेळेत गेलं होतं याबद्दल मला आजही शंका नाही. दाखवायला मात्र हातात काही नव्हतं.

टेम्प्लेट आमचं नव्हतं, पुसायचा नियम क्लायंटने मागितलेला. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. पण त्याआधीच्या मीटिंगांमध्ये वर्डची बाजू घेऊन भांडणारी मीच होते: वर्डमध्ये शोधता येतं, चुकलेलं नाव दुरुस्त करता येतं, चित्र म्हणजे मुकं पान. तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, मी आज काय सांगू? दुरुस्त करता येतं, हीच तर अडचण आहे बाई. ती म्हणेल, मग पेशंटचं नाव हजारो टिफमधून शोधून दाखव. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) लावतो आम्ही, पण फॅक्सच्या ठिपक्यांत ८ आणि ३ यांची तो बिनदिक्कत अदलाबदल करतो, तेव्हा इथे तिचंच खरं.

सध्या दोन्ही ठेवतो. पाठवायच्या क्षणी गोठवलेली टिफ आणि शेजारी वर्ड. क्लायंटला यातली एक काढून टाकायची आहे. कोणती, यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा मीटिंग आहे.