तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीनंतर ब्रिज कोर्सला घालू का?

दहावीचे पेपर संपले की मला फोन यायला लागतात. मावसभाऊ, गावचे, ऑफिसातल्या कुणाच्या बायकोचा भाऊ, सगळ्यांचं एकच. "तू मराठी मीडियमचा ना, आमच्या पोराला सायन्सला टाकतोय, तर सुट्टीत त्या सायन्सचं इंग्रजी शिकवणाऱ्या ब्रिज कोर्सला घालू का? तू केला होतास ना?"

केला होता. म्हणजे अर्धा. पाच आठवड्यांचा होता, मी एकोणिसाव्या दिवशी सोडला. हे फोनवर सांगत बसायला जिवावर येतं म्हणून मी "मुलावर असतं हो ते" असं काहीतरी गुळमुळीत बोलतो आणि समोरच्याला वाटतं हा शिष्ट झालाय, पुण्यात गेला आणि माहिती द्यायला नको झाली. तसं नाहीये. एकदाच सगळं लिहितो, पुढच्या वर्षी विचारलंत तर हेच पाठवीन.

वर्ष २००९, अकरावीच्या प्रवेशातल्या त्या नव्वद-दहा कोट्याच्या घोळाचं (नव्वद टक्के जागा एसएससीवाल्यांना, दहा बाकीच्या बोर्डांना). आमचं गाव देवगड तालुक्यात, शाळा पूर्ण मराठी, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीत) वगैरे प्रकार आमच्याकडे तेव्हा नव्हताच. शाळेतल्या सरांनी बाबांच्या डोक्यात घातलं की अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत असतं, पोरगा गटांगळ्या खाईल, कोल्हापूरला ब्रिज कोर्स असतो तिथे पाठवा. फी साडेतीन हजार. आत्या फुलेवाडीला राहायची, म्हणजे राहायचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच की एप्रिल-मे. आंबेवाल्या घरात एप्रिल-मे म्हणजे काय ते आंबेवाल्यांनाच विचारा. खुडायला नेपाळी होते, पण पेट्या मोजायच्या, वहीत मांडायच्या आणि वाशी मार्केटहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली की ती वाचायची हे सातवीपासून माझं काम. बाबा चौथी शिकलेले. त्यांना आकडे कळायचे, पट्टीतलं ते किरटं अक्षर आणि शॉर्टफॉर्म कळायचे नाहीत. तरी म्हणाले जा. मी गेलो.

कोर्स वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण त्यात होतं काय तर शब्द. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, क्षपण म्हणजे रिडक्शन, अंतर्वक्र आरसा म्हणजे कॉन्केव्ह मिरर. रोज वीस-पंचवीस, दुसऱ्या दिवशी चाचणी. पाठांतर मला सोपं, मी पहिल्या आठवड्यात पहिला आलो! घरी फोन करून सांगितलं पण. मग गणितं सुरू झाली. पहिलंच गणित, अ बॉडी स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट. बॉडी म्हणजे आमच्याकडे एकतर व्यायामवाल्याची नाहीतर सरकारी दवाखान्यातली. आणि ती रेस्ट घेऊन निघाली. मी बराच वेळ विचार करत बसलो की किती वेळ रेस्ट घेतली ते का दिलं नाहीये. पुढच्या गणितात दोन ब्लॉक होते, टू केजी अँड थ्री केजी रिस्पेक्टिव्हली, तर रिस्पेक्ट म्हणजे आदर मला माहीत होतं, त्यामुळे दोन किलो आणि तीन किलो आदरपूर्वक. आता हसू येतं. तेव्हा शेजारच्याला विचारायची पण लाज वाटली, कारण मी पहिला आलेला.

म्हणजे अडचण त्वरणाची नव्हतीच. त्वरण मला मराठीत छान येत होतं. अडचण हेन्स, प्रोव्हायडेड दॅट, निग्लेक्ट, अशा बारक्या शब्दांची, आणि ते कुणी यादीत देत नव्हतं.

त्यात सरांनी काढलं सेमिनार. दर शनिवारी दोघांनी उभं राहून दहा मिनिटं एक टॉपिक इंग्रजीत समजावून सांगायचा. सर पोरांना गावाच्या नावाने हाक मारायचे. "काय रे देवगड, येत्या शनिवारी तू." सोमवारपासून मला जेवण जाईना. आत्याला वाटलं पाणी बाधलं.

शुक्रवारी दुपारी मधल्या सुट्टीत खाली आलो तर जिन्यात बाबा. सकाळच्या एसटीने आलेले, बाजूला आत्यासाठी एक पेटी, शर्टाला घाम. मी म्हटलं काय झालं, तर खिशातून चौघडी केलेली पट्टी काढली. "ह्यां जरा बघ रे." त्यासाठी दीडशे किलोमीटर. वाडीत दुसऱ्या कुणाला दाखवली असती तर आमचा भाव गावभर झाला असता.

तिथेच पायरीवर बसलो. पोरं आमच्या बाजूने वडापाव घेऊन वरखाली करत होती. पाठवलेल्या पेट्या ६४, बाबांना तोंडपाठ होतं. पट्टीत विकलेल्या ६१, भावाप्रमाणे तीन ओळीत. मी खाली खर्च बघितला. भाडं, हमाली, तोलाई, वाराई, दलाली. हमालीला पेटीमागच्या दराने भागलं तर ६४ आले. वाराईला भागलं, ६४. म्हणजे उतरवल्या चौसष्ट, त्याचे पैसे आमच्याकडून कापले, आणि विकल्या एकसष्ट. सेमिनारच्या कागदाच्या पाठीवर बाबांना करून दाखवलं. बाबा म्हणाले, "माका वाटतांच होतां." मग बूथवरून वाशीला फोन लावला, मीच बोललो, पलीकडून म्हणाले क्लार्कची चूक असेल, पुढच्या पट्टीत बघू. (पुढच्या पट्टीत दोनच पेट्यांचे दिले. तिसरी नासली म्हणे.)

वर बेल झाली. बाबा म्हणाले, "जा, तुजो क्लास आसा मां." मी म्हटलं, मी येतोय तुमच्याबरोबर. ते दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत.

घरी आई ही गोष्ट अजून सांगते, बापासाठी पोराने कोर्स सोडला, साडेतीन हजारावर पाणी सोडलं. सगळ्या पाव्हण्यांना हीच माहितीये आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही. सोळा वर्षाच्या मला विचारलंत तर तो अजून भांडेल, म्हणेल एका पट्टीत तीन पेट्या, एका पेटीचे नऊशे धरले तर सत्तावीसशे गेले, सीझनला दहा-बारा पट्ट्या, हिशोब कर. हिशोब बरोबर आहे रे. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता हे तू का सांगत नाहीस? पट्टीत ६४ च्या ६४ आल्या असत्या तर तू तो सेमिनार दिला असतास का? मला खरंच माहीत नाही. फोंडा घाट उतरताना मला गाढ झोप लागली होती एवढं आठवतं. आठवड्यात पहिल्यांदा.

पुढे काय झालं तेही विचारता तुम्ही. अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ७. तिथे सेमिनार नव्हता, पण शनिवार रोजच होता. दिवाळीनंतर जरा जमायला लागलं. कोर्स पूर्ण केला असता तर ७ चे १५ झाले असते? होऊ शकतं. माझ्याबरोबरचा गारगोटीचा एक जण, ज्याने पाचही आठवडे काढले, तो अकरावीत माझ्यासारखाच रडत होता. पण तो रडत उभं राहून उत्तर द्यायचा आणि मी मागच्या बाकावर खाली मान घालून बसायचो.

चार वर्षांपूर्वी एका चुलतभावाला मी ठणकावून सांगितलं होतं, काही गरज नाही, पैसे वाया, मी कुठे पूर्ण केला. त्याचा पोरगा डिसेंबरमध्ये सायन्स सोडून कॉमर्सला गेला. त्याला कॉमर्स आवडतं, मजेत आहे, पण चुलतभाऊ माझ्याशी त्यानंतर जरा तोलूनच बोलतो. तेव्हापासून मी गुळमुळीत झालो.

आणि कृपा करून मला ते "आता मेडिकलची नीट परीक्षा मराठीत देता येते, २०२१ पासून इंजिनीअरिंगची जेईई मेन पण मराठीत, मग कशाला कोर्स" सांगू नका. परीक्षा मराठीत देता येते हो, पण अकरावीच्या वर्गात फळ्यावर काय लिहितात ते बघून या. सेमीवाल्यांनी तर मला विचारूच नका, त्यांचं त्वरण आधीच ॲक्सिलरेशन झालेलं असतं.

यंदा मामेबहिणीचा फोन आला. पोरगा पूर्ण मराठी मीडियम, हुशार, कोर्स आता पंधरा हजार. मी नेहमीचं बोलणार होतो आणि तोंडातून भलतंच निघालं, म्हटलं, "ताई, सीझनला पट्टी कोण बघतं तुमच्याकडे?"

"तोच की. आता व्हॉट्सॲपवर येते ना. का रे?"

मी म्हटलं उद्या फोन करतो. त्याला आज चार दिवस झाले.