लॅमिंग्टन रोडचे साहेब

मिक्सरचा स्विच गेला, रिमोट रुसला, वडिलांच्या जुन्या ट्रान्झिस्टरला एखादी न मिळणारी कॉईल हवी झाली, की मुंबईकराचे पाय आपोआप ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला वळतात. लॅमिंग्टन रोड. वीतभर दुकान, काचेखाली छोट्या छोट्या खणांत भरलेले कपॅसिटर, आणि पलीकडे मल्टिमीटरच्या दोन सुया टोचून वस्तूची नाडी बघणारा माणूस. ‘चालतंय. गॅरंटी नाही.’ एवढंच संभाषण. बिलावर पत्ता मात्र शिस्तीत छापलेला असतो: डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि शेजारी कंसात लॅमिंग्टन रोड. पाटी बदलून जमाना झाला, पण टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग म्हणून बघा, ‘वो किधर आया?’ म्हणतो. मिनर्व्हात तो सिनेमा (नाव सांगायला नकोच) पाच वर्षं चालला, तोही लॅमिंग्टन रोडवरच.

माझी मामेबहीण ब्रिस्बेनला असते. मुलाच्या शाळेसाठी पैसे जमवायला तिकडे पालक लॅमिंग्टन विकतात. तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, तुझा रोड आम्ही इकडे खातो.’ स्पंज केकचे चौकोनी तुकडे पातळ चॉकलेटात बुडवायचे आणि लगेच खोबऱ्याच्या किसात घोळवायचे. केक आदल्या दिवशीचा हवा, ताजा घेतला तर चॉकलेटात भुगा होतो, असंही तिनं बजावलं. अचानक पाहुणे आले म्हणून गव्हर्नरच्या स्वयंपाक्यानं उरलेला केक असा सजवून पुढे केला, अशी तिकडची दंतकथा. नाव साहेबांवरून पडलं की मडमेवरून, यावरही तिथली मंडळी हिरिरीनं भांडतात.

तर हे साहेब म्हणजे चार्ल्स कोक्रेन-बेली, दुसरे बॅरन लॅमिंग्टन. जन्म 1860. वडील खासदार, पुढे पंतप्रधान झालेल्या डिझरायलीच्या तरुणपणीच्या कंपूतले. त्यांना 1880 साली सरदारकी मिळाली. मुलाचं पुढचं सगळं रुळावरून गेल्यासारखं झालं: ईटन, ऑक्सफर्ड, पंतप्रधान सॉल्झबरींच्या कचेरीत उमेदवारी, 1886 साली लंडनच्या सेंट पँक्रासमधून हुजूर पक्षाची खासदारकी, आणि 1890 साली वडील गेल्यावर उमरावांच्या सभागृहात आयती खुर्ची. मग 1896 ते 1901 क्वीन्सलंडचे गव्हर्नर, आणि 1903 च्या डिसेंबरपासून साडेतीन वर्षं आमच्या मुंबईचे.

मुंबईत त्यांनी असं काय केलं, की रस्ता त्यांच्या नावे व्हावा? मला तरी ठळक असं काही सांगता येत नाही. घडत होतं ते त्यांच्या अवतीभवती. 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या पावसाळी मुक्कामापासून काही कोसांवर. पुढच्याच महिन्यात मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला युवराज जॉर्ज बसवत होते आणि साहेब यजमान होते. ज्याच्या कारकिर्दीत काही बिघडत नाही त्याच्या नावाचा रस्ता करायला कुणाची हरकत नसते, एवढाच माझा तर्क. हुबळीत त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे, क्वीन्सलंडात राष्ट्रीय उद्यान आहे. न्यू गिनीत एक डोंगरसुद्धा आहे. तो ज्वालामुखी आहे, हे 1951 च्या जानेवारीपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तो फुटला आणि तीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

गोळ्यांशी मात्र या नावाचं विचित्र नातं आहे. 1930 च्या ऑक्टोबरात भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, आणि दोनच दिवसांच्या आत लॅमिंग्टन रोडवर, पोलीस चौकीसमोर, मोटारीतून गोळ्या सुटल्या. एक गोरा सार्जंट आणि त्याची बायको जखमी झाले. मोटारीत भगतसिंगांच्या सहकारी क्रांतिकारक दुर्गाभाभी होत्या. साहेब तेव्हा हजारो मैल दूर होते, जखमी झाला तो त्यांच्या नावाचा रस्ता.

दहा वर्षांनी पाळी खुद्द साहेबांवर आली. 13 मार्च 1940, लंडनचा कॅक्स्टन हॉल. अफगाणिस्तानवर व्याख्यान होतं. हिंदुस्थानात नोकऱ्या करून परतलेली वयोवृद्ध मंडळी जमली होती. साहेब ऐंशीला टेकलेले. सभा संपून लोक उठायला लागले तेवढ्यात उधमसिंग पुढे आले आणि त्यांनी सहा गोळ्या झाडल्या. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले मायकेल ओड्वायर जागीच गेले. भारतमंत्री झेटलंड जखमी झाले, आणखी एका निवृत्त अधिकाऱ्याचा हात मोडला, आणि लॅमिंग्टनसाहेबांच्या हाताला गोळी लागली. उधमसिंगांनी पोलिसांना नाव सांगितलं ते राम मोहम्मद सिंग आझाद. एकवीस वर्षं ज्याचा हिशेब मनात ठेवला तो माणूस वेगळा. आमचे साहेब बिचारे व्याख्यान ऐकायला आले होते. ‘बिचारे’ म्हणताना जीभ थोडी अडखळते, ते सोडा. उधमसिंगांना जुलैअखेर फाशी झाली आणि सप्टेंबरात साहेबही स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी वारले.

घरची माणसं थोडीच. 1895 साली लग्न झालं ते मेरी होझिअरशी. मुलगी ग्रिझेल, मुलगा व्हिक्टर. व्हिक्टर क्वीन्सलंडच्या गव्हर्नरीच्या पहिल्याच वर्षी जन्मला, म्हणून त्याच्या लांबलचक नावात साहेबांनी चक्क ब्रिस्बेन घालून ठेवलं: व्हिक्टर अलेक्झांडर ब्रिस्बेन विल्यम कोक्रेन-बेली. सात-आठ वर्षं उशीर केला असता तर पोर जन्मभर बॉम्बे नाव मिरवत फिरलं असतं. बापामागे तो तिसरा बॅरन झाला. पण त्यालाही मुलगा नव्हता, आणि तिकडे डोंगर फुटला त्याच वर्षी, 1951 साली, तो वारला. सरदारकी बुडाली. तीन पिढ्या, एकाहत्तर वर्षं. आमच्या गावची पाटीलकी याहून जास्त टिकली, आणि भावकीतली भांडणं अजून चालू आहेत.