कुलर लावायच्या आधी एक धड स्क्रू पाना घ्या

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कुलर बाहेर निघतो आणि स्टँडचे बोल्ट गंजून जाम झालेले सापडतात. मग हाताला लागेल तो पाना लावून जोर काढला जातो, आणि नटाचे कोपरे मरतात. दोष गंजावर जातो, पण बरेचदा तो पान्याच्या ढिल्या जबड्याचा असतो.

आजच्या स्क्रू पान्याचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहानसनने 1892 मध्ये घेतलं. रचना अजून तीच आहे: एक जबडा दांड्यासोबत घडवलेला, दुसरा खाचेत सरकणारा, आणि त्याला पुढेमागे करणारी आट्यांची गुंडी. खाच सैल कापलेली असली की जोर पडताच सरकता जबडा कलतो, दोन्ही जबडे समांतर राहत नाहीत आणि सगळा भार नटाच्या दोन कोपऱ्यांवर येतो. नट गोल होतो तो असा.

म्हणून इतवारीच्या लोहाओळीत गेलात तर चकाकी आणि भाव नंतर बघा. आधी जबडा अर्धा उघडा आणि सरकता भाग चिमटीत धरून वर-खाली, आजूबाजूला हलवा. किंचित हालचाल प्रत्येक पान्यात असते, पण खटखट ऐकू आली तर तो पाना परत ठेवा. मग जबडे पूर्ण मिटवून उजेडासमोर धरा. फट टोकाकडे रुंद होत गेलेली दिसली तर तोही नको. गुंडी एका अंगठ्याने शेवटपर्यंत फिरली पाहिजे, मध्ये कुठे अडकायला नको. खिशात 13 मिमीचा नट (एम-8 म्हणजे 8 मिमी जाडीच्या बोल्टचा) घेऊन जाणं सगळ्यात चांगलं. पाना त्यावर घट्ट बसवा आणि डुलवून बघा. दुकानदार याला नाही म्हणत नाही.

दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम (मजबूत पोलादाचा प्रकार) आणि ड्रॉप फोर्ज्ड (तापवून ठोकून घडवलेला) असं कोरलेलं असावं. ओतीव लोखंडाचा स्वस्त पाना जोरात वाकत नाही, तडकतो, आणि हात भिंतीवर आपटतो.

घरासाठी 8 इंची पुरतो, तो साधारण 24-25 मिमी उघडतो. एम-12 चा 19 मिमी नट त्यात आरामात बसतो. नळाच्या अर्ध्या इंची कनेक्शनचा नट मात्र त्यात जेमतेम मावतो, तिथे 10 इंची हवा. 12 इंचीच्या मागे लागू नका. लांब दांड्याने एम-8 चा बोल्ट सहज तुटतो.

वापरताना पाना सरकत्या जबड्याच्या बाजूला फिरवायचा, म्हणजे मुख्य भार पक्क्या जबड्यावर येतो. उलट्या दिशेने फिरवायचं असेल तर पाना पालथा करा. दर झटक्यानंतर गुंडी पुन्हा आवळा, कारण ती आपोआप ढिली होते. पाना आपल्याकडे ओढा, ढकलू नका. आणि दांड्यात पाइप घालून लांबी वाढवू नका, सरकत्या जबड्याचे दात त्यानेच मरतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. दांड्यावरचं प्लॅस्टिक फक्त पकडीसाठी असतं, विजेपासून ते वाचवत नाही. कुलरचा प्लग काढूनच हात घाला.

काम झालं की जबडा पूर्ण उघडून खाचेतला चुरा ब्रशने काढा आणि गुंडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.