आधी गॅस बंद केला

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात मी भाषांतराचं काम करते. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, खरेदीखतं. मराठी, गुजराती, इंग्रजी. बहुतेक दिवस सही-शिक्क्यांत जातात. गेल्या पावसाळ्यात मात्र एका वाक्यापायी माझी अख्खी दुपार गेली.

तिशीतली एक बाई आत्याला घेऊन आली. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी वडोदऱ्यात आलेली. मुलगा इंग्लंडात नवऱ्याकडे, आणि त्याच्या ताब्याचा दावा तिथल्या कोर्टात. तिचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून निवेदन मराठीत लिहिलेलं. भाषांतर दुसरीकडून करून आणलं होतं, माझ्याकडे फक्त तपासायला.

मराठीत होतं: ‘बाबा गेल्याचा फोन आला आणि माझा धीर सुटला. मी पार कोसळले.’ इंग्रजीत झालं होतं: ‘आय लॉस्ट कंट्रोल अँड हॅड अ नर्व्हस ब्रेकडाउन.’

मी चष्मा काढून ठेवला. नवऱ्याच्या वकिलाच्या पत्रात तिला ‘हिस्टेरिकल’ म्हटलेलं होतंच. हा शब्द ग्रीकमधल्या गर्भाशयाच्या नावावरून आला. बायकांची दुखणी गर्भाशयाच्या माथी मारायची शतकानुशतकांची खोड त्यात आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या निदानसूचीतून हिस्टेरिया काढून टाकला, तरी वकिलांच्या पत्रांतून तो जात नाही. आणि आता हिचंच निवेदन त्या पत्राला दुजोरा देणार होतं!

‘लॉस्ट कंट्रोल’ वाचलं की हात उगारलेली आई दिसते. ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ म्हणजे तर आजारच, उपचार घ्यावा लागणारा. ‘ब्रोक डाउन’ म्हटलं तर नुसतं रडू कोसळलं. तेच दोन शब्द जोडून नाम केलं की मन बंद पडलं असा अर्थ होतो. तिथल्या १९८९ च्या चिल्ड्रेन अॅक्टप्रमाणे मुलाचं हित सर्वांत आधी पाहतात. असं एक नाम तिथे किती महाग पडलं असतं!

भाच्याने फोनवरून ‘मेल्टडाउन’ सुचवलं. तो शब्द वितळणाऱ्या अणुभट्टीचा. आता तो दुकानात लोळण घेणाऱ्या पोरालाही लावतात. आपल्याकडे धीर सुटतो, अवसान गळतं, कंठ दाटतो. यातलं काहीही झालं तरी माणूस शाबूत असतो. सुटलेला धीर पुन्हा धरता येतो.

पण मला सोयीचा शब्द घालायची मुभा नाही. भाषांतर तंतोतंत आहे अशी खाली माझी सही असते. म्हणून विचारलं, “ताई, कोसळले म्हणजे नेमकं काय झालं?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“खिचडी टाकली होती. फोन आला. मी आधी गॅस बंद केला. मुलाला शेजारच्या मावशींकडे सोडून आले. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. हंबरडाच फोडला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ.”

“किती वेळ?”

“बादली भरून वाहायला लागली तोवर. मग तोंड धुतलं, त्याला घेऊन आले आणि खिचडी भरवली.”

आत्याबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, “अगं, मला का नाही सांगितलंस?” आणि तिचा हात धरून बसल्या.

मी म्हटलं, “हे सगळं तुमच्या हाताने मराठीत लिहा. तुम्ही लिहिलंत तरच मला इंग्रजीत आणता येईल.” तिने नवा कागद घेतला. ‘गॅस’ लिहिताना पेन अडकलं, मी दुसरं दिलं.

‘धीर सुटला’ला मी ‘आय कुड बेअर इट नो लाँगर’ ठेवलं, ‘कोसळले’ला ‘आय ब्रोक डाउन अँड वेप्ट’. त्याच्या आधीचं वाक्य तिचंच: ‘फर्स्ट आय टर्न्ड ऑफ द गॅस.’ सगळं तिला मराठीत परत वाचून दाखवलं. ‘नळ’ आला तेव्हा तिने मान हलवली. मग मी सही केली.