अडकित्ता मिटायचा आणि आवाज मागून यायचा

एका व्हिडिओचं चित्र आणि आवाज जुळवण्यात पाच रात्री वाया गेल्या. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जातेय. खोली रिकामी करण्याआधी आत्याच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या, सलग 52 मिनिटं. एडिटिंगसाठी दर महिन्याला पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. एका सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीने आत्याच्या चेहऱ्यावरच आपला शिक्का उमटवला, तेव्हाच ठरवलं, आता ओपन सोर्सच, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. आवाजाला ऑडॅसिटी, चित्राला केडेनलाइव्ह.

सुरुवातीची दहा मिनिटं छान जुळली. पुढे आत्या सुपारी कातरत बोलतेय, तिथे अडकित्ता आधी मिटतो आणि ‘कट्’ मागून ऐकू येतं. चाळिसाव्या मिनिटाला तर ओठ एक बोलतायत आणि कानावर दुसरंच पडतंय. मी आवाजाची पट्टी थोडी अलीकडे सरकवली. तिथलं जुळलं, मागचं बिघडलं. तुकडे केले, प्रत्येक तुकडा वेगळा सरकवला. तीन रात्री हेच. मग सॉफ्टवेअर बदललं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. दुखणं तेच.

शेवटी पुतण्या म्हणाला, “काका, सॉफ्टवेअर का बदलतोयस? आधी फाइल तरी तपास.”

मीडियाइन्फो या छोट्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली. फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हे सतत बदलतंय. तिथेच मूळ होतं. चाळीतली खोली अंधारी. उजेड कमी पडला की फोन सेकंदाला 30 ऐवजी कमी चित्रं घेतो, उजेड आला की पुन्हा वाढवतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे एकच वेग धरून चालतं, म्हणून चित्र हळूहळू पुढे पळतं. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

उपाय सोपा आहे. हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलून देणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये फाइल घाला, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट 30 आणि ‘कॉन्स्टंट’ (कायम एकच वेग) निवडा, नवी फाइल काढा. रात्री लावून झोपलो. सकाळी थेट एकोणपन्नासाव्या मिनिटावर गेलो. अडकित्ता मिटला आणि त्याच क्षणी ‘कट्’. दोनदा मागे नेऊन पाहिलं, डोळे भरून आले.

बाकीचं दोन दिवसांत झालं. लॅपटॉप जुना असेल तर केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी क्लिप चालू करा. काम हलक्या प्रतीवर होतं, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलवरूनच निघतो. पंख्याची घरघर ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने गेली, पण त्यासाठी कुणी बोलत नसलेले दोन-तीन सेकंद लागतात. रेकॉर्डिंग सुरू करून क्षणभर गप्प बसा. आणि नॉइज रिडक्शन बेतानेच वापरा, जास्त केलं की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

एक राहिलंच. सॉफ्टवेअर निवडताना आधी ‘गिरगाव’ आणि ‘अडकित्ता’ टाइप करून बघा. वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर व्हिडिओवर मराठी नावं लिहायला ते कामाचं नाही. केडेनलाइव्हमध्ये मला दोन्ही नीट मिळाले. टंक (फॉन्ट) ‘मुक्ता’ घेतला, तोही ओपन सोर्स आणि मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या गटाने केलेला.

फोनमधली मूळ फाइल पुसू नका. मी ती दोन हार्डडिस्कवर ठेवली आहे.