सव्वाचार मीटरची मादी, सहा फुटांची पेटी

इंग्लंडमध्ये साप पैदा करून विकायचे तर काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, परवाना लागतो, मग तो धंदा घरामागच्या शेडमध्ये चालत असला तरी. २०१८ च्या नियमांप्रमाणे तपासणी होते, एक ते पाच तारे मिळतात, आणि परवाना एक वर्षाचा, दोन की तीन वर्षांचा हे त्यावर ठरतं. मोठे साप असले की अधिकारी सोबत पशुवैद्य मागतात. आमच्या भागात हे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकताना हाताखाली म्हशी, बैल आणि भटकी कुत्री होती. सरपटणाऱ्या प्राण्यांकडे मी इथे आल्यावर वळले आणि आता त्यांच्यातच रमले आहे.

यॉर्कशरमधल्या या शेडविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. परवान्याचं नूतनीकरण होतं, एवढंच. मालक साठीचे, आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेले गृहस्थ. त्यांच्याकडे रेटिक्युलेटेड पायथन, म्हणजे आग्नेय आशियातला जाळीदार नक्षीचा अजगर, आणि बोआ, म्हणजे अजगरासारखेच विळखा घालणारे साप. आत शिरताच जाणवली ती स्वच्छता. प्रत्येक थर्मोस्टॅटला दुसरा राखीव थर्मोस्टॅट जोडलेला, गरम बाजू ३२ अंशांना आणि थंड बाजू २६ ला, नवीन आणलेल्या सापांसाठी वेगळी खोली, प्रत्येक जनावराची वही: कधी खाल्लं, कधी कात टाकली, वजन किती. पाणी ताजं. गोचिडीसारख्या चिकटणाऱ्या सापांच्या माइट्सचा मागमूस नाही. माझ्याबरोबरच्या काउन्सिलच्या अधिकारी बाई फॉर्मवर भराभर खुणा करत होत्या.

शेवटच्या भिंतीला मोठ्या माद्यांच्या पेट्या होत्या. एकावर एक, पुढे सरकती काच. मी टेप लावली: लांबी १८० सेंटिमीटर, खोली ७५, उंची ४५. आत पाण्याचं पसरट भांडं, कागदाचा अंथर, आणि उरलेली सगळी जागा व्यापून वेटोळं घातलेली मादी.

"हिची लांबी किती?" मी विचारलं.

"चौदा फूट असेल. कात मोजली तर अठरा भरते."

कात ताणली जाते, तिच्यावरून सापाची लांबी कधीच ठरवायची नाही. मी म्हटलं, आपण तिलाच मोजू. एवढ्या मोठ्या सापाला एकट्याने हात लावायचा नाही हा नियम ते पाळत होते, त्यामुळे त्यांचा मुलगाही आला. त्यांनी आधी हुकने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श केला. काच सरकली म्हणजे खाणंच आलं असं सापाच्या मनात बसू नये, म्हणून हा स्पर्श. तिघांनी मिळून तिला बाहेर काढलं आणि शेडच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात जमिनीवर ठेवलं.

थोडा वेळ ती तशीच होती. जीभ आत-बाहेर. मग भिंतीच्या कडेने निघाली आणि हळूहळू तिचं अंग वेटोळ्यातून सुटत गेलं. दारापाशी डोकं टेकवून ती थांबली तेव्हा शेपटीपर्यंत अख्खी सरळ होती. मी पाठीच्या कण्यावरून दोरी धरत गेले: सव्वाचार मीटर. पेटीच्या तळाचा कर्णसुद्धा दोन मीटरला पाच सेंटिमीटर कमी होता.

मालक बघत उभे होते. म्हणाले, "अशी सरळ पसरलेली मी हिला कितीतरी वर्षांत पाहिली नाही." त्यांच्या आवाजात बचाव नव्हता, खरं आश्चर्य होतं.

ती बाहेर होती म्हणून मला तपासताही आली. नाकाच्या टोकाचा खवला झिजून गुळगुळीत झाला होता, खाली जुना व्रण. काचेच्या कडेला रोज तोंड घासून असा व्रण होतो. अंग वळलं की चरबीच्या घड्या पडत होत्या. अंडी लवकर आणि जास्त मिळावीत म्हणून माद्यांना भरपूर खायला घालतात आणि हलायला जागा देत नाहीत, त्याचा हा परिणाम. साप खोकू शकत नाही, त्याला छातीचा पडदाच नसतो. फुप्फुसात स्राव साठला तर तो बाहेर काढायला त्याच्याकडे अंगाची हालचाल आणि शरीराची ठेवण यांखेरीज फारसं काही नसतं. तिचा श्वास त्या दिवशी स्वच्छ होता, तेवढं समाधान.

मग वाद सुरू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मालकांचं म्हणणं या धंद्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं असतं: सापाला अडचणीचीच जागा आवडते. मोठ्या जागेत तो बिथरतो, खात नाही. जंगलातही तो बिळातच राहतो ना?

राहतो. पण बिळातच राहत नाही. शिकत असताना एका हिवाळ्यात मी भरतपूरला केवलादेवमध्ये गेले होते. तिथले अजगर साळिंदरांनी खणलेल्या बिळांत थंडी काढतात. ऊन वर आलं की ते बिळाच्या तोंडाशी येतात आणि गवतावर लांबच्या लांब पसरतात. चाहूल लागली की पुन्हा आत. अरुंद बीळ आणि मोकळं ऊन, दोन्ही त्याच जनावराला हवं असतं, आणि त्यांतलं कुठलं कधी हवं हे तेच ठरवतं. पेटी लहान ठेवून आपण त्याला बीळ देत नाही, त्याच्याकडून बाहेर येण्याची सोय काढून घेतो. मोठ्या जागेत बिथरलेला साप मीही पाहिला आहे. त्या जागेत लपायला काहीच नव्हतं. तिथे लपण ठेवायला हवं होतं, जागा कमी करायची गरज नव्हती.

आणि हे फक्त मला वाटतं म्हणून नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ सापांचं तासभर निरीक्षण केलं होतं. तेवढ्या वेळात ३७ टक्के साप पूर्ण किंवा जवळपास सरळ रेषेत पसरले. २०२१ मध्ये जर्मन पशुवैद्यांनी बॉल पायथनवर, म्हणजे आफ्रिकेतल्या छोट्या अजगरावर, काम केलं. रॅकच्या, म्हणजे साप ठेवायच्या मांडणीच्या, सपाट ड्रॉवरमध्ये चढणं, उकरणं, दिव्याखाली शेकत पडणं हे सगळं अशक्यच होतं, आणि टेरेरियममध्ये, म्हणजे फांद्या, माती, दिवा असलेल्या काचपेटीत, तेच साप हे सगळं करत होते. बॉल पायथन तर दीड मीटरचा जीव. त्याच्या तिप्पट लांबीच्या सापाविषयी निराळं काय सांगायचं?

अधिकारी बाईंची अडचण मला समजत होती. बाकी सगळं उत्तम, मग परवाना अडवायचा कसा? पण नियमांतली अट स्वच्छतेवर संपत नाही. जनावराला त्याच्या जातीच्या वर्तनाला साजेशी जागा हवी, असं तिथे स्पष्ट आहे, आणि २००६ चा प्राणी कल्याण कायदाही तेच म्हणतो. जर्मनीत १९९७ सालीच तज्ज्ञांनी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी किमान मापं लिहून दिली. ती फुटांत नाहीत, सापाच्या लांबीच्या पटीत आहेत. त्यांचे सगळे आकडे मला पुरेसे वाटत नाहीत, पण पद्धत बरोबर आहे. साप वाढतो, म्हणून मापही त्याच्याबरोबर वाढलं पाहिजे. मी माझ्या अहवालात एकच कसोटी लिहिते: सापाला सरळ पसरता आलं पाहिजे, आणि त्याच जागेत अंग पूर्ण झाकेल असं लपणही हवं.

मालकांनी वही मिटली आणि खर्चाचं बोलले. २०२२ नंतर विजेचं बिल कुठे गेलं ते मी जाणून होते. छोट्या पेट्या ऊब धरून ठेवतात. प्रत्येक मादीला साडेचार मीटरची जागा द्यायची तर शेडमध्ये दोनच माद्या मावतील. मी म्हटलं, मग दोनच ठेवा. हे मी कठोरपणे म्हटलं नाही, पण मागेही घेतलं नाही. जागा किती आहे त्यावरून माद्या किती ते ठरतं. या धंद्यात ते उलटं झालं आहे आणि त्याची किंमत साप मोजतो.

इनक्युबेटरमध्ये त्या वेळी चाळीसच्या वर अंडी होती. त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटली. पिल्लू निघतं ते जेमतेम दोन-अडीच फुटांचं, देखणं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जत्रेत एखादा विशीतला मुलगा ते घरी नेतो. विषारी सापासाठी इथे १९७६ च्या कायद्याचा वेगळा परवाना लागतो, अजगरासाठी लागत नाही. तीन-चार वर्षांत ते पिल्लू माणसाच्या दुप्पट लांब होतं. मग फोन आमच्याकडे येतात, आणि मोठ्या अजगराला जागा असणारं आश्रयस्थान मिळणं फार कठीण. मी अट घातली: प्रत्येक गिऱ्हाइकाला पूर्ण वाढलेल्या सापाची जागा प्रत्यक्ष दाखवायची, आणि ती दाखवण्यासारखी होईपर्यंत नवी जोडी लावायची नाही.

पुण्या-मुंबईतली मुलंही हल्ली मला बॉल पायथनबद्दल विचारतात. आपल्या देशी अजगराला पाळायला कायद्याने बंदी आहे, पण परदेशी जातींची २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारकडे नोंद करावी लागते. नोंद झाली म्हणजे पाळणं नीट झालं, असं त्यांतल्या अनेकांना वाटतं. मी त्यांना आधी पेटीची लांबी विचारते.

त्या शेडला काउन्सिलने एक वर्षाचाच परवाना दिला, अटींसह. मालक नाराज झाले, अपिलाचं बोलले, आणि मग काही आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पेट्यांची भिंत काढून तिथे खोलीएवढा एक कप्पा करायचा ठरत होतं. त्याला विचारायचं होतं की चढायला फांद्या किती जाड लावू, आणि दिव्याला जाळी कुठली, म्हणजे ती वर चढली तरी भाजणार नाही. आम्ही बराच वेळ बोललो. चार माद्या त्यांनी दुसरीकडे द्यायच्या ठरवल्या होत्या. घेणाऱ्यांच्या जागेची मापं आधी मला पाठवा, असं मी त्याला सांगितलं. पहिली दोन आली ती मी नाकारली आहेत.