मागं मागं सरकणारी 'स'

मंगळवार, रात्र.
दिवसभर झड. खानापूरच्या रस्त्याला बस अर्धा तास उशिरा, वर चिखलात चपलेचा पट्टा तुटला. पण मन खट्टू झालं ते वहीनं.

बालशिक्षणाच्या वर्गाच्या मॅडमनी निरीक्षण वही परत दिली. गेल्या आठवड्याच्या पानावर तीन शब्दांखाली लाल रेघ: 'लाजाळू', 'हट्टी', 'मिसळत नाही'. बाजूला एवढंच, 'हे कुठं दिसलं?' वीस मिनिटं अंगणवाडीत बसून मी लिहिलं होतं ते इतकंच. आधी रागच आला. मग परत वाचलं तर खरंच, त्या पानावर पोर कुठं नव्हतीच, नुसती माझी मतं.

वहीची रीत अशी: पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडं पाहिलं ते, उजवीकडं वाटलं ते. मुलाचं नाव लिहायचं नाही, म्हणून ती 'स'. वय ३ वर्षं २ महिने. आज परत तिच्याचसमोर बसले. डावा रकाना जसाच्या तसा उतरवते:

१०.४० ताईंनी गोल करायला बोलावलं, 'बा, इल्लि बा' (कन्नडमधून, 'ये, इकडं ये'). स उठून ओसरीच्या टोकाला गेली.
१०.४२ डाव्या हातात खराट्याच्या काड्यांची मूठ. उजव्या हातानं एक काढली, कमरेत वाकली, पागोळ्यांखालच्या ओल्या मातीत खोवली. गुडघे ताठ. एक पाऊल मागं. परत वाकली.
१०.४६ सात काड्या, बहुतेक एका ओळीत.
१०.४७ पाठ भिंतीला लागली. वळून बघितलं, बाजूला सरकून दुसरी ओळ धरली.

उजव्या रकान्यात लिहिलं, 'सगळ्यांपासून लांब लांब जाते. घाबरते?'

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. तिला डावीकडचं वाचून दाखवलं. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "रोप लावतीया की पोर."
"म्हणजे?"
"रोप लावताना पुढं कोण जातंय गे? लावलेलं तुडवत?"

मी गप्प. घराभोवती सगळी भाताची शेतं, लहानपणी सुट्टीत मीही बांधावर बसलेय, आणि मला दिसलं नाही! गेल्या आठवड्याचे ते तीन शब्द आईला वाचून दाखवले असते तर ती 'असंल' म्हणून निवडत राहिली असती.

आणि 'मिसळत नाही' हा तरी दोष कसा? मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेचा मुलांच्या खेळावरचा अभ्यास वर्गात झालाय, १९३२ चा. एकेका मुलाकडं एका वेळी एकच मिनिट बघायचं, असं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी. त्यातून तिनं एकट्याचा खेळ, शेजारी बसून आपापला खेळ, मग मिळून खेळ असे प्रकार मांडले. तीन वर्षांचं पोर एकटं रमलं तर त्यात नवल ते काय. परीक्षेला हे पाठ होतं. ओसरीवर बसल्यावर आठवलं नाही, हीच गंमत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात. त्यांनी पोरांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण रोज तोंडात घोळवतो, हजेरीपटावर लिहितो, आणि अंगणातलं पोर मात्र गोलात ओढून आणतो. (ताईंना दोष नाही. पोरं बावीस, त्यात भाषा दोन, खिचडी चुलीवर.)

आई म्हणते ते खरंच असेल असंही नाही. स ची आई रोपाला जाते का, मला माहीत नाही. म्हणून माझ्या आईचं वाक्य उजव्याच रकान्यात, प्रश्नचिन्हासकट.

बुधवार.
पाऊस थोडा थांबलेला. १०.५० स ची तिसरी ओळ. 'म' येऊन बघत उभा. स नं वर न बघता मुठीतल्या चार काड्या त्याला दिल्या. म नं पुढं पाऊल टाकलं, दोन काड्या आडव्या.
स, मोठ्यांदा, "मागं हो की! पाय पडतोय!"

दोन आठवड्यांत मी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य. डावीकडं लिहिलं.